मेणबत्ती विझली, मग पाणी चढलं

पाचवा तास म्हणजे मधल्या सुट्टीनंतरचा पहिला. डोक्यावर तापलेला पत्रा, पोटात नुकताच गेलेला डबा आणि खिडकीतून येणारी सातवीच्या खो-खोची आरडाओरड. आठवी ‘ब’ला विज्ञानाचा तास नेमका हाच. मुलं ५२. या तासाला टेबलावर काहीतरी फसफसलं, पेटलं किंवा रंग पालटला नाही तर मागचे दोन बाक सरळ झोपतात, हे मला अकरा वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं.

म्हणून त्या वर्षी जूनपासून मी दर आठवड्याला एक ‘गंमत’ ठेवली. पहिली हळदीची. कोऱ्या कागदाला ओली हळद फासून वाळवायची आणि साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर आपलं नाव लिहायचं. अक्षरं लालभडक उमटतात. आमटी सांडलेला शर्ट साबणाने चोळताना डाग लाल होतो, हे सगळ्यांनी घरी पाहिलेलं असतं, तेच हे. हळदीत चुना घालून कुंकू करायची जुनी रीतही याच जातीची. मग लिंबू पिळलं की लाल पुन्हा पिवळं. जुलैत बाटलीच्या तोंडाला फुगा, फुग्यात खायचा सोडा, बाटलीत व्हिनेगर. ऑगस्टमध्ये मेडिकलमधून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड, कोमट पाण्यात भिजवलेलं यीस्ट आणि भांडी घासायचं लिक्विड. बाटलीच्या तोंडातून फेसाचा जाडजूड लोळ बाहेर आला तेव्हा शेजारची आठवी ‘अ’सुद्धा दारात येऊन उभी राहिली. मला मैदानावर मुलं हाका मारून विचारू लागली, “मॅडम, आज काय उडणार?”

मी खूश होते. घटक चाचणीपर्यंत.

चाचणीत एक प्रश्न घातला होता: फेसाच्या प्रयोगात कोणता वायू तयार झाला आणि कशापासून? निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, ‘साबणामुळे फेस आला.’ काहींनी लिहिलं, ‘यीस्टमधून फेस निघतो.’ एकाने फेसाचं सुंदर चित्र काढलं होतं, बाटलीवर मेडिकलचं लेबलसुद्धा रंगवलेलं. ऑक्सिजनचं नाव मोजक्या पेपरांत होतं. पेरॉक्साइड फुटून पाणी आणि ऑक्सिजन होतो, यीस्टमधलं विकर (एन्झाइम) ते काम वेगाने करवून घेतं आणि साबण नुसता त्या ऑक्सिजनला बुडबुड्यांत पकडून ठेवतो, हे मी फळ्यावर लिहिलं होतं. पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष फेसाकडे होतं. खरं सांगायचं तर माझंही.

ऑगस्टनंतर मागणी वाढत गेली. मुलांनी मोबाइलवर रंगीत ज्वाळांचा व्हिडिओ पाहिला होता, ओळीने सहा वाट्या आणि सहा रंगांची आग. “मॅडम, ते दाखवा.” तो प्रयोग मी दोन वर्षांपूर्वी केला होता आणि पुन्हा करणार नाही. वाट्यांत वेगवेगळे क्षार, वर स्पिरिट, मग काडी. एका वाटीतली ज्योत विझली असं समजून मी बाटलीतून आणखी स्पिरिट ओतायला गेले. ज्योत विझलेली नव्हती. दिवसाउजेडी स्पिरिटची ज्योत डोळ्याला जवळपास दिसतच नाही. बाटलीच्या तोंडाशी भप्पकन जाळ झाला. प्रयोगशाळेचे मामा ओलं पोतं घेऊन बाजूलाच उभे होते, त्यांनी ते टाकलं म्हणून माझ्या पदराच्या कडेवर निभावलं. २०१४ साली अमेरिकेत न्यूयॉर्क आणि डेन्व्हरमध्ये असेच प्रयोग चालू असताना मुलं गंभीर भाजली, आणि तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने त्याच वर्षी शिक्षकांना बजावलं की ज्वालाग्राही द्रवाची मोठी बाटली प्रयोगाच्या टेबलाजवळ आणूच नका. अशा प्रयोगांत वापरतात त्या मिथेनॉलची (हेही स्पिरिटसारखंच एक अल्कोहोल) वाफ सुमारे ११ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी साचते. आपल्याकडचा वर्ग थंडीतल्या सकाळीही याहून गरम असतो. रंग दाखवायचेच असतील तर लाकडी काड्या मिठाच्या आणि मोरचुदाच्या पाण्यात रात्रभर भिजवून एका लहान ज्योतीत धराव्यात. पिवळा, हिरवा दिसतो. शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही, एवढंच.

तर दिवाळीच्या सुट्टीनंतर ‘हवेचे घटक’ शिकवायची वेळ आली तेव्हा मी मुद्दाम सगळ्यात गरीब प्रयोग निवडला. मेणबत्ती.

पहिला दिवस

परातीत पाणी, पाण्यात निळ्या शाईचे चार थेंब. मधोमध मेणबत्ती, तिच्याच वितळलेल्या मेणाने चिकटवलेली. वर लोणच्याची उंच काचेची बरणी उपडी. मेणबत्ती थोडा वेळ जळते, ज्योत लांबट होऊन मिणमिणते, विझते, आणि निळं पाणी बरणीत वर चढतं. मी फळ्यावर लिहिलं: मेणबत्तीने ऑक्सिजन वापरला, ऑक्सिजनची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणून पाणी साधारण एक पंचमांश चढलं. मी शाळेत असताना मला हेच शिकवलं होतं, बी.एस्सी. होईपर्यंत कोणी त्यात बदल केला नाही, आणि गेली अकरा वर्षं मीही हेच फळ्यावर लिहीत आले होते.

टाळ्या पडल्या नाहीत. फेसाच्या मानाने हे फारच मिळमिळीत होतं. मी परात उचलायला गेले तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी पट्टी घेऊन टेबलाशी आली. ही वर्गात सहसा बोलत नाही. तिने बरणीला पट्टी लावली.

“मॅडम, बरणी पंधरा सेंटिमीटर आहे. पाणी एक पॉइंट आठ चढलंय. एक पंचमांश म्हणजे तीन ना?”

मी म्हटलं, “साधारण म्हटलंय मी.” हे उत्तर किती पोकळ होतं ते म्हणतानाच मला कळलं.

ती जागेवर गेली नाही. “आणि मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी चढलंच नाही. विझल्यावर चढलं. भस्सकन.”

मागून एक आवाज आला, “आधी तर बरणीखालून बुडबुडे आले बाहेर! मी बघितले.” हा शेवटच्या बाकावरचा. जूनपासून या तासाला हा पहिल्यांदा जागा दिसत होता.

“ऑक्सिजन हळूहळू संपतो तर पाणी हळूहळू चढायला पाहिजे,” ती म्हणाली.

घंटा झाली. मी म्हटलं, “उद्या बघू.” शिक्षकी पेशातलं हे सगळ्यात जुनं पळवाटेचं वाक्य.

ओट्यावर

रात्री जेवणं आटोपल्यावर मी ओट्यावर तोच प्रयोग मांडला. ओळीने चारदा. मुलं खरं सांगत होती. बरणी उपडी घातली की पहिले काही क्षण काठाखालून बुडबुडे बाहेर पडतात. मग मेणबत्ती जळत असते तोवर पातळी जवळजवळ हलत नाही. ज्योत विझली की पुढच्या काही सेकंदांत पाणी झरझर वर येतं. हे मी अकरा वर्षं दाखवत होते आणि एकदाही पाहिलं नव्हतं, कारण काय दिसणार आहे ते मला आधीच माहीत होतं.

मग हिशोब केला. मेणातला एक नमुनेदार रेणू घेतला, २५ कार्बन आणि ५२ हायड्रोजनचा. तो पूर्ण जळायला ऑक्सिजनचे ३८ रेणू लागतात. त्यातून २५ रेणू कार्बन डायऑक्साइडचे आणि २६ पाण्याचे होतात. पाण्याची वाफ गार होऊन काचेवर धुक्यासारखी बसते, ती सोडून देऊ. तरी ३८ गेले आणि २५ आले. म्हणजे बरणीतला सगळाच्या सगळा ऑक्सिजन संपला असता तरी वायूत घट शंभराला सातच्या आसपास. आणि सगळा संपत नाहीच. बंद बरणीतली मेणबत्ती ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांवर आला की विझते. २१ मधले पाचच वापरले. तो हिशोब धरला तर घट शंभराला दोनसुद्धा नाही. पंधरा सेंटिमीटरच्या बरणीत हे होतात अडीच मिलिमीटर. तिच्या पट्टीवर होते अठरा.

कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो हे खरं, पण सावकाश. काही सेकंदांत नाही.

बाकीचं पाणी चढवतो तो ऑक्सिजन नव्हे, गरमपणा. पेटत्या मेणबत्तीवर बरणी ठेवताना आतली हवा तापून फुगते आणि तिच्यातली काही बाहेर पडते. तेच ते बुडबुडे. मेणबत्ती जळतेय तोवर हवा गरम राहते. विझली की हवा गार होऊन आकसते, आणि मोकळी झालेली जागा बाहेरची हवा परातीतलं पाणी आत ढकलून भरून काढते. ही चूक मी एकटीने केलेली नाही, एवढाच दिलासा. बायझँटियमच्या फिलो या ग्रीक अभियंत्याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास हाच प्रयोग नोंदवून ठेवला आणि हवा आगीने खाल्ली जाते असाच अर्थ लावला. तेव्हापासून ही समजूत पुस्तकांतून पुस्तकांत फिरते आहे.

आता प्रश्न होता की उद्या वर्गात काय करायचं. सोपं होतं: ‘काल माझी चूक झाली, बरोबर कारण हे’ असं सांगायचं आणि नवीन तीन ओळी फळ्यावर लिहायच्या. मुलांनी जुन्या खोडून नव्या पाठ केल्या असत्या. फेसाचा पेपर डोळ्यांसमोर होता म्हणून मी ते केलं नाही.

तीन मेणबत्त्या

दुसऱ्या दिवशी टेबलावर तीन सारख्या बरण्या आणि तीन पराती. (एक परात शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातून, मावशींनी ‘शाई लागली तर बघा’ असा दम भरून दिली.) पहिल्या परातीत एक मेणबत्ती, दुसरीत दोन, तिसरीत तीन. पेटवायच्या आधी मी सांगितलं, “प्रत्येकाने वहीत लिहायचं. कुठल्या बरणीत पाणी जास्त चढेल? आणि का? लिहिल्याशिवाय काडी ओढणार नाही.”

वर्षभरात हे मी पहिल्यांदा केलं होतं. आधी नेहमी उलटं: दाखवायचं, टाळ्या, मग ‘का झालं?’

बहुतेकांनी लिहिलं: तीन मेणबत्त्या लवकर विझतील, पण पाणी सगळीकडे सारखंच चढेल, कारण बरणी सारखी आणि ऑक्सिजन सारखा. माझी कालची ओळ खरी धरली तर हे अगदी तर्कशुद्ध उत्तर आहे. वीसेक जणांचं मत होतं की तीनमध्ये जास्त. कारण विचारलं तर ‘असंच वाटतं’.

पेटवल्या. वर्ग बाकांवर उभा. मी ओरडले नाही.

पट्टीवाल्या मुलीने मापं घेतली. एक मेणबत्ती: १.८ सेंटिमीटर. दोन: २.९. तीन: ४.२.

क्षणभर शांतता होती. मग कोपऱ्यातून कोणीतरी हळूच म्हणालं, “चार पॉइंट दोन? तीनच्या वर गेलं.” आणि मग कलकलाट. पंधरातला एक पंचमांश म्हणजे तीन. बरणीत जेवढा ऑक्सिजन होता त्याहून जास्त जागा पाण्याने घेतली होती. कालची ओळ अजून फळ्याच्या कोपऱ्यात होती, मी ती पुसू दिली नव्हती. एका मुलाने परवानगी न घेताच उठून तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

“मग काय चढवतंय पाणी?” मी विचारलं.

उत्तर आलं ते मला सुचणारं नव्हतं. खिडकीजवळचा मुलगा म्हणाला, “मॅडम, डब्याचं झाकण.” आई सकाळी गरम भाजी डब्यात भरून झाकण घट्ट लावते, आणि मधल्या सुट्टीत ते झाकण उघडता उघडत नाही, मधोमध आत खोलगट गेलेलं असतं. दुसरीने कुकर काढला: गॅस बंद करून गार होऊ दिला की झाकण चिकटून बसतं, शिट्टी वर उचलल्यावर ‘सुस्स’ करून हवा आत जाते आणि मग निघतं. हे दोन्ही डबे ऑक्सिजन खात नव्हते, नुसते गार होत होते.

शेवटच्या बाकावरचा म्हणाला, “मग मेणबत्तीच नको ना. नुसती बरणी गरम करू.”

तोही प्रयोग झाला, मुलांनीच सुचवलेला. चहाच्या पातेल्यात पाणी तापवून बरणी त्यात खंगाळली, ओतून टाकली, आणि गरम बरणी तशीच शाईच्या पाण्यात उपडी घातली. ज्योत नाही, धूर नाही. पाणी चढलं. काटेकोर बोलायचं तर यात वाफही असते आणि ती गार होऊन आणखी ओढ लावते, म्हणून हा पुरावा शंभर नंबरी नाही. मी ते मुलांना सांगितलं. ऐकून पट्टीवाली म्हणाली, “मग कोरड्या बरणीला उन्हात ठेवू.” शनिवारी ठेवली. पाणी चढलं, पण अगदी थोडं.

घासणी

इथपर्यंत आम्ही जुनं पाडलं होतं. पण हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो हे खरंच आहे. ते कसं पाहायचं? गरम न करता ऑक्सिजन काढून घेणारं काहीतरी हवं. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि बदल्यात कुठला वायू सोडत नाही. मेणबत्तीची सगळी भानगड इथे नाही: गरमी जाणवण्याइतकी नाही, कार्बन डायऑक्साइड नाही.

मी बाजारातून भांडी घासायच्या तारेच्या पाच घासण्या आणल्या. तारा मोकळ्या करून ओल्या केल्या, परीक्षानळ्यांत कोंबल्या, नळ्या पाण्यात उपड्या उभ्या केल्या. मंगळवारी ठेवल्या, बुधवारी पाहिल्या, गुरुवारी पाहिल्या. पाणी जिथल्या तिथे. मुलं माझ्याकडे बघत होती, मी नळ्यांकडे. मामा टेबल पुसायला आले, एक नळी उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, “मॅडम, ही स्टीलची आहे. गंजत नाही म्हणून तर बायका घेतात.”

वर्ग जो हसला तो आठवी ‘अ’पर्यंत ऐकू गेला. मी पण हसले, दुसरं काय करणार. पण त्या हसण्यातून एक प्रश्न निघाला: मग स्टील का गंजत नाही? क्रोमियम मिसळलेलं असतं, त्याच्या ऑक्साइडचा पातळ थर वर बसतो आणि आतल्या लोखंडापर्यंत हवा पोचू देत नाही, एवढं सांगून मी पुढे गेले. तो विषय नववी-दहावीचा. तरी दुसऱ्या दिवशी तीन मुलं घरून विळ्या, खिळे आणि जुनं कुलूप घेऊन आली, ‘हे कुठलं लोखंड’ विचारायला.

लोखंडाचा कीस शेवटी गावातल्या लेथवाल्याकडे मिळाला, फुकट, डबाभर. तेलकट असतो. भांड्याच्या साबणाने दोनदा धुतला, मग व्हिनेगरच्या पाण्यातून काढला. परीक्षानळी आतून ओली करून त्यात चिमूट-दोन चिमूट कीस टाकला आणि नळी फिरवली की तो काचेला आतून चिकटून बसतो. अशा पाच नळ्या पाण्याच्या काचपात्रात उपड्या उभ्या केल्या, सहावी तशीच, कीस न घालता. पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टी. शुक्रवारची शाळा सुटताना.

सोमवारी प्रार्थनेच्या आधीच प्रयोगशाळेच्या दारात गर्दी होती. मामांनी कुलूप काढेपर्यंत धीर नव्हता. कीस तांबूस झाला होता आणि पाणी चढलं होतं. एका नळीतला कीस सुटून खाली पडला होता, ती बाद. उरलेल्या चारांत, १५ सेंटिमीटरच्या नळीत, मापं आली २.८, ३.१, ३.० आणि २.९. रिकामी नळी जिथे होती तिथेच. मंगळवारी, बुधवारी पुन्हा मोजलं. पाणी पुढे सरकलं नाही. कीस उरला होता, पण घ्यायला ऑक्सिजन उरला नव्हता.

मी एका नळीच्या तोंडावर पाण्यातच अंगठा दाबून ती बाहेर काढली, सरळ केली आणि अंगठा सरकवून आत जळती काडी नेली. काडी तोंडाशीच विझली. रिकाम्या नळीत तीच काडी क्षणभर जळत राहिली. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण बहुतेकजण वहीत लिहीत होते.

एक गोष्ट राहिली होती आणि ती पट्टीवाल्या मुलीनेच काढली: मेणबत्ती विझल्यावर बरणीत ऑक्सिजन उरतो असं मॅडम म्हणतात, पण तो आम्ही पाहिलेला नाही. मग एका बरणीच्या आतल्या बाजूला कीस चिकटवून खाली मेणबत्ती लावली. शेजारी तशीच बरणी कीस न घालता. दोन्हींत पाणी लगेच सारखंच चढलं. त्यानंतर चार दिवस कीसवाल्या बरणीत ते हळूहळू आणखी वर सरकत राहिलं आणि साध्या बरणीतलं जेमतेम काही मिलिमीटर. ते काही मिलिमीटर विरघळणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे असावेत. ज्योत विझली तेव्हा आत ऑक्सिजन होता. लोखंडाला तो मिळाला, मेणबत्तीला पुरेसा नव्हता.

किंमत

हे सगळं मिळून सात तास लागले. नियोजनात या घटकाला तीन होते. डिसेंबरच्या सुरुवातीला मी दोन पाठ मागे होते आणि हेडसरांनी टाचणवही पाहून ‘मेणबत्तीवर एवढं काय आहे?’ असं विचारलं. मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळच्या सुट्टीत एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती, १८६०-६१ साली, हे मला तेव्हा आठवलं; पण हेडसरांना ते सांगून उपयोग नव्हता. पुढचे दोन पाठ मी पळवले. त्यांतला एक चांगला पळवला नाही, हे मान्य.

सगळी मुलं जागी झाली असंही नाही. पाच-सहा जण पहिल्या दिवशी जसे होते तसेच शेवटच्या दिवशी. त्यांना फेस हवा होता आणि मी दिला नाही. एकाने तर स्पष्ट सांगितलं, “मॅडम, आधीचं भारी होतं.” त्याचंही चूक नाही. फेसात मजा आहेच. पुढच्या वर्षी मी फेस दाखवेन, पण आधी दोन बाटल्या मांडेन, एकीत साबण आणि एकीत नाही, आणि दोन्हींच्या तोंडाशी विझत आलेली, नुसती लाल टोकाची काडी नेईन. ती दोन्हींत भडकते. फेस एकाच बाटलीत येतो. मग साबणाचं काय काम, हे त्यांनी मला सांगायचं.

अवघड प्रश्न मात्र वेगळाच आला. सहामाहीचे गुण लागले होते आणि शिकवणीला जाणाऱ्या एका मुलीने गाइड उघडून दाखवलं. त्यात माझ्या पहिल्या दिवसाची ओळ जशीच्या तशी छापलेली होती. “परीक्षेत काय लिहायचं, मॅडम?” मी म्हटलं, माझ्या पेपरात जे पाहिलंत ते लिहा. “आणि दुसऱ्या कोणी तपासला तर?” यावर मी जे उत्तर दिलं ते फारसं शूर नव्हतं. म्हटलं, दोन्ही लिहा: पुस्तक असं म्हणतं, आम्ही मोजलं तर असं आलं. ती म्हणाली, एवढी जागा नसते.

प्रदर्शन

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला हेडसरांना ज्वालामुखी हवा होता. नारिंगी अमोनियम डायक्रोमेटचा ढीग, वर काडी, ठिणग्या उडतात आणि हिरवी राख फुलत जाते. दिसायला तोड नाही. पण त्या नारिंगी पुडीतलं क्रोमियम कर्करोगाला कारण होणाऱ्या जातीचं आहे आणि ते मुलांच्या हातात, बंद खोलीत, दिवसभरात वीस वेळा पेटवायचं, याला मी नकार दिला. हेडसर नाराज झाले, पण परवानगी दिली.

आमच्या टेबलावर तीन पराती, सहा परीक्षानळ्या आणि एक स्टीलची घासणी, तिच्याखाली मुलांनी चिठ्ठी लावलेली: ‘ही चुकून आणली होती. का चुकली ते विचारा.’ शेजारच्या शाळेने ज्वालामुखी आणला होता, गर्दी तिकडे. आमच्याकडे दुपारपर्यंत फारसं कोणी थांबलं नाही.

तीनच्या सुमारास परीक्षक आले. वही उघडून उभ्या उभ्याच म्हणाले, “हं, ऑक्सिजन संपतो म्हणून पाणी वर चढतं. माहीत आहे. पुढे?”

शेवटच्या बाकावरच्या मुलाने बरणी हातात घेतली होती, ती त्याने परत खाली ठेवली. “सर, एक मेणबत्ती लावली तर किती चढेल आणि तीन लावल्या तर किती, ते आधी तुम्ही लिहा. मग पेटवतो.”

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे. त्यांनी वहीचं पान उलटलं, खिशातून पेन काढलं आणि लिहिलं. पट्टीवालीने काड्यापेटी पुढे केली.